तबकडी-गोल्फ : फेकीचे शास्त्र व नवशिक्यांसाठी पहिले धडे

उडती तबकडी प्रथमच हाती घेणाऱ्या मनुष्याचे निरीक्षण केल्यास एक गोष्ट बहुधा आढळून येते. पहिली फेक तो जपून करतो. तबकडी थोडे अंतर जाते, डावीकडे कलते व जमिनीवर पडते. दुसऱ्या वेळी तो अधिक जोर लावतो. आता तबकडी नाक वर करून चढते, क्षणभर अधांतरी थबकल्यासारखी दिसते आणि पुन्हा डावीकडेच घसरते. तिसऱ्या वेळी तो सर्व शक्ती एकवटतो आणि परिणाम पूर्वीपेक्षाही वाईट होतो. अर्ध्या तासात खांदा दुखू लागतो. हा खेळ आपल्यासाठी नव्हे, असा त्याचा ग्रह होतो आणि तो मैदान सोडतो.

वास्तविक उणीव त्याच्या शक्तीत नसते. तबकडी ज्या नियमांनुसार उडते ते नियम त्याला कोणी समजावून दिलेले नसतात, एवढेच. हे नियम थोडे आहेत आणि लहानपणी ज्याने भोवरा फिरवला आहे त्यास ते समजण्यास अडचण पडू नये. ते नियम सांगणे आणि त्यांच्या आधारे पहिल्या काही धड्यांची मांडणी करणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे. उदाहरणादाखल बंगळुरू शहर समोर ठेवले आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले असल्याने तेथील हवेचे व वाऱ्याचे काही विशेष या खेळात प्रत्ययास येतात.

खेळाचे स्वरूप

तबकडी-गोल्फ अथवा डिस्क गोल्फ या खेळाची रचना मूळ गोल्फवरून घेतलेली आहे. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवून तो जमिनीतील खळग्यात घालावयाचा असतो. येथे हाताने तबकडी फेकून ती टोपलीत टाकावयाची असते. ही टोपली लोखंडी खांबावर बसविलेली असते आणि तिच्या वरच्या कड्यापासून साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो व ती खालच्या टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करावयाची, तबकडी जेथे थांबेल तेथून पुढची, आणि असे करीत टोपली गाठावयाची. आरंभापासून टोपलीपर्यंतच्या एका टप्प्यास गोल्फप्रमाणेच ‘होल’ म्हणतात. त्याची लांबी साधारणतः ६० ते १२० मीटर असते व एका मैदानात असे ९ किंवा १८ होल असतात. सर्वांत कमी फेकींत जो सर्व होल पुरे करील तो विजयी.

फेकण्याच्या वस्तूने खूण टिपण्याचा खेळ आपल्याकडे नवा नाही. चपट्या दगडांची चळत चेंडूने पाडण्याचा लगोरीचा खेळ महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखाच खेळला जातो. गोल फिरत जाणारे चक्र हे तर भारताचे जुने शस्त्र. शीख निहंगांच्या पगडीवर पोलादी चक्रे आजही दिसतात. प्लॅस्टिकच्या तबकडीचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या अमेरिकन गृहस्थाने तयार केलेली तबकडी १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने बाजारात आणली व लवकरच ती ‘फ्रिस्बी’ या नावाने प्रसिद्धीस आली. त्याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी पुढे तिच्या रचनेत सुधारणा केल्या. आरंभी खेळाडू झाडे, खांब, कचऱ्याचे डबे यांनाच लक्ष्य समजून खेळत. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात हेड्रिक यांच्या योजनेनुसार या खेळाचे पहिले कायम मैदान आखले गेले, आणि साखळ्यांची टोपलीही त्यांच्याच कल्पनेतून निघाली. १९८३ साली धारेकडे निमुळती होत जाणारी तबकडी निघाल्यावर फेकींचे अंतर पुष्कळ वाढले.

बंगळुरूचा गोल्फ क्लब १८७६ सालचा आहे. परंतु गोल्फला विस्तीर्ण, पाणी घालून राखलेली हिरवळ लागते व तो खेळ सर्वांच्या आवाक्यातील नव्हे. तबकडी-गोल्फला उंचसखल माळ, विरळ झाडी किंवा एखाद्या संस्थेचे मोकळे आवार पुरते. शिवाय ‘अल्टिमेट’ या तबकडीच्या सांघिक खेळामुळे बंगळुरूतील अनेक तरुणांच्या हाताला तबकडीची ओळख झालेली आहे.

तबकडी हवेत कशी राहते

विमानविद्येशी बंगळुरूचा संबंध जुना आहे. १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी येथे विमानांचा कारखाना उभारण्यात पुढाकार घेतला. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. तेथील आरंभीच्या अध्यापकांत डॉ. विष्णु माधव घाटगे हे होते. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकीचा अभ्यास केला होता. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूच्या कारखान्यात तयार झालेले एचटी-२ हे विमान १९५१ साली आकाशात झेपावले. विमानाच्या पंखास जे नियम लागू पडतात तेच हातातल्या तबकडीस लागू पडतात.

तबकडीचा वरचा पृष्ठभाग किंचित फुगीर व खालचा पोकळ असतो. ती पुढे जाऊ लागली की तिच्यावरून व तिच्याखालून वाहणारी हवा खालच्या दिशेस वळविली जाते, आणि हवेला खाली ढकलल्याची प्रतिक्रिया म्हणून तबकडीवर वरच्या दिशेने बल कार्य करते. यास उत्थापन असे म्हणतात. हवा पुढे जाण्यास जो विरोध करते त्यास रोध म्हणतात. उत्थापन वजनाइतके असेल तोवर तबकडी तरंगते, ते कमी पडले की खाली येते.

उत्थापन तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे स्थूलमानाने म्हणता येईल : तबकडीचे क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. यांतील तिसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेग निम्मा झाला तर उत्थापन निम्मे होत नाही, ते चौथाई होते. सेकंदाला २० मीटर वेगाने निघालेली तबकडी वाटेत १० मीटरवर आली की तिला उचलून धरण्याचे हवेचे सामर्थ्य एकचतुर्थांशच उरते. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी तबकडी सरळ रेषेत न उतरता एकाएकी बसल्यासारखी खाली येते.

गिरकीचे कार्य

गिरकी न देता तबकडी भिरकावली तर ती पत्रावळीसारखी कोलांट्या खात खाली येते. याचे कारण असे की हवेचे बल तबकडीच्या बरोबर मध्यावर लागत नाही. वेग पुष्कळ असून तबकडी सपाट असेल तेव्हा ते मध्याच्या थोडे मागे लागते व पुढची कड खाली दाबली जाते. वेग मंदावून तबकडी हवेशी मोठा कोन करू लागली की ते मध्याच्या पुढे सरकते व पुढची कड वर उचलली जाते. स्थिर तबकडी अशा ओढाताणीत तत्काळ उलटते.

फिरत्या वस्तूचे वर्तन वेगळे असते. गुंगणारा भोवरा बोटाने हळूच ढकलला तर तो ढकललेल्या बाजूस पडत नाही. तो आडव्या दिशेस कलतो. फिरत्या वस्तूच्या कडेवर जेथे जोर लावावा तेथे परिणाम दिसत नाही. फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे तो दिसतो. सायकलचे सुटे चाक आसाला दोन्ही हातांनी धरून कोणाकडून फिरवून घ्यावे व मग आस कलविण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे हा अनुभव कोणासही घेता येईल.

हाच नियम तबकडीस लावून पाहावा. उजव्या हाताने बॅकहँड फेक केली असता, वरून पाहणाऱ्यास तबकडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसते. वेग भरपूर असताना हवा पुढची कड खाली दाबते. तिचा परिणाम पाव फेरा पुढे म्हणजे उजव्या कडेवर होतो, उजवी कड खाली जाते आणि तबकडी किंचित उजवीकडे वळते. वेग मंदावल्यावर हवा पुढची कड उचलते. परिणामी उजवी कड वर होते आणि तबकडी डावीकडे कलते. प्रत्येक फेकीच्या अखेरीस दिसणारा डावीकडचा झुकाव तो हाच. हाताच्या दोषाशी त्याचा संबंध नाही. डाव्या हाताने फेकणाऱ्यांनी या विवेचनात सर्वत्र उजवीकडे व डावीकडे या शब्दांची अदलाबदल करून घ्यावी.

येथे एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कलण्याची ही क्रिया किती लवकर घडावी हे गिरकीवर अवलंबून असते. हवेचे बल तेच राहून गिरकी दुप्पट झाली तर कलण्याचा दर निम्मा होतो. कसलेल्या खेळाडूच्या जोरदार फेकीत तबकडी सेकंदाला पंधरा ते वीस फेरे घेते. नवशिक्या दंडाच्या जोराने तबकडीला पुढे ढकलतो, पण मनगटातून गिरकी देत नाही. त्यामुळे वेग असूनही तबकडी डळमळते व लवकर कलते. अधिक जोर लावून फेक का सुधारत नाही, याचे उत्तर येथे मिळते. आरंभी कमावण्याची गोष्ट म्हणजे गिरकी. वेग तिच्यामागून येतो.

तबकडीची निवड

तबकड्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘पुटर’ची कड जाड व बोथट असते; ती सावकाश उडते व जवळच्या फेकींसाठी वापरतात. ‘मिड-रेंज’ मध्यम अंतरासाठी असते. ‘ड्रायव्हर’ची कड रुंद व निमुळती असून ती वेगवान फेकींसाठी घडविलेली असते. दुकानात नवशिक्याचा हात सहजच ड्रायव्हरकडे वळतो, कारण ती सर्वांत लांब जाते असे त्याने ऐकलेले असते. परंतु ज्या वेगाला ती सरळ उडते तो वेग त्याच्या हातात नसतो. मंद वेगाने फेकलेली ड्रायव्हर आपल्या उड्डाणाची पहिली अवस्था ओलांडूनच हातातून सुटते, म्हणजे थेट डावीकडील झुकावाने आरंभ करते. आरंभी वर्णिलेल्या मनुष्याची निराशा पुष्कळदा याच निवडीतून उद्भवते.

घाटगे यांचे एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठी बनविलेले विमान होते. नवशिक्या वैमानिकाच्या हाती कोणी लढाऊ विमान देत नाही. तबकडीतही हाच विवेक ठेवावा. प्रौढ नवशिक्याने १५० ते १६५ ग्रॅम वजनाची पुटर किंवा मिड-रेंज घ्यावी. मुलांना याहून हलकी द्यावी. अल्टिमेटची तबकडी हाताशी असेल तर पहिल्या दिवशी तीही चालेल. तिचे वजन १७५ ग्रॅम असले तरी व्यास सुमारे २७ सेंटिमीटर असतो, तर तबकडी-गोल्फच्या तबकडीचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर. वजन व आकार सारखे धरले तर या मोठ्या व्यासामुळे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते आणि तरंगण्यास लागणारा वेग एकपंचमांशाहून अधिक कमी होतो. सावकाश उडणारी तबकडी हाताचे दोष डोळ्यांना दाखविते. शिकण्यास हेच हवे असते.

बंगळुरूची हवा

समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा बंगळुरूची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. तेवढेच उत्थापन मिळविण्यासाठी वेग सुमारे पाच टक्क्यांनी अधिक लागतो. जी तबकडी मुंबईत ताशी ६० किलोमीटर वेगाने नीट तरंगते तिला बंगळुरूत ताशी ६३ किलोमीटर वेग द्यावा लागेल. विरळ हवेत रोधही कमी असतो, म्हणून वेग टिकतो थोडा अधिक. तथापि डावीकडील झुकाव काहीसा लवकर येतो. नवशिक्यास हा फरक हाताला जाणवणार नाही. परंतु मुंबई किंवा गोव्याकडून आलेल्या सरावाच्या खेळाडूची तबकडी येथे ओळखीच्या जागेआधीच डावीकडे वळली तर तिचे कारण हे असू शकते. उपाय म्हणून जोर न वाढविता थोड्या कमी वेगाची तबकडी निवडावी.

पहिले धडे

पहिला धडा पकडीचा. तबकडीची कड तळहाताच्या रेषेत बसवावी, अंगठा वरच्या पृष्ठभागावर सपाट ठेवावा व चारही बोटे खाली न्यावीत. आरंभी बोटे खालच्या पृष्ठभागावर थोडी पसरलेली ठेवल्यास तबकडी सपाट धरणे सोपे जाते. पकड हातातून पक्षी सुटणार नाही व गुदमरणारही नाही इतपत असावी. फेकीच्या अखेरच्या क्षणी ती आपोआप घट्ट होते. याच क्षणी कड बोटांतून ओढली जाऊन सुटते व गिरकी उत्पन्न होते.

दुसरा धडा उभे राहण्याचा. लक्ष्याकडे छाती करून उभे राहणे ही सर्वसामान्य चूक होय. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा लक्ष्याकडे करावा, पाय खांद्याइतके फाकवावेत व गुडघे किंचित सैल ठेवावेत. धावत येऊन फेकणे पहिल्या काही आठवड्यांत टाळावे. फेकीचे बहुतेक अंतर जागेवर उभे राहूनही मिळते, आणि पावलांची भर पडली की चुकीचे मूळ शोधणे कठीण होते.

तिसरा धडा हाताच्या मार्गाचा. तबकडी छातीच्या उंचीवर, लक्ष्याच्या विरुद्ध दिशेस सरळ मागे न्यावी. मग कमरेपासून वळण्यास आरंभ करावा. कोपर पुढे यावे, तबकडी छातीजवळून सरळ रेषेत ओढली जावी आणि शेवटच्या वीतभर अंतरात कोपर व मनगट उघडावे. ओल्या टॉवेलचा फटकारा मारताना हात जसा आधी सैल व शेवटी झटक्याने चालतो, तसाच येथे चालावा. हात शरीराभोवती मोठे वर्तुळ काढीत आला तर तबकडी सुटण्याचा क्षण चुकतो व ती उजवीकडे किंवा डावीकडे भरकटते. सुटल्यानंतर हात थांबवू नये. त्याला आपल्या गतीने पुढे जाऊ द्यावे. असे न केल्यास सारा धक्का खांद्याच्या सांध्यावर येतो.

चौथा धडा सपाटपणाचा. तबकडीची पुढची कड वर असेल तर रोध फार वाढतो, वेग झटकन मरतो व झुकाव लवकर येतो. डोळ्यांना हा दोष दिसत नाही, कारण फेकणारा आपल्या हाताकडे पाहत नसतो. तबकडी पाण्याने भरलेले ताट आहे व त्यातील पाणी सांडावयाचे नाही, अशी कल्पना करावी. सोबत्याने बाजूस दहा पावलांवर उभे राहून पुढची कड वर आहे की नाही एवढेच पाहावे व सांगावे. फेकणाऱ्याच्या दहा तर्कांपेक्षा हे एक निरीक्षण उपयोगी पडते.

हे चार धडे वीस मीटरहून अधिक अंतरावर करू नयेत. दोघांनी समोरासमोर दहा मीटरवर उभे राहून एकमेकांकडे तबकडी पाठवावी; ती न डळमळता छातीच्या उंचीवर पोहोचू लागली की दोन पावले मागे सरावे. डळमळ दिसू लागल्यास पुन्हा पुढे यावे. अंतर वाढविण्याचा अधिकार तबकडीच्या स्थिरतेवरून ठरवावा.

यानंतर फोरहँडची ओळख करून द्यावी. तर्जनी व मध्यमा कडेच्या आतल्या बाजूस टेकवून, तळहात आकाशाकडे ठेवून, कोपर कमरेजवळ राखून मनगटाच्या झटक्याने ही फेक करतात. हिच्यात गिरकी उलट दिशेस होते, म्हणून अखेरचा झुकाव उजवीकडे येतो. डावीकडे वळणाऱ्या वाटेस एक फेक व उजवीकडे वळणाऱ्या वाटेस दुसरी, अशी सोय त्यामुळे होते.

टोपलीजवळील फेक

आकडे मांडून पाहिले तर खेळाचा निकाल बहुधा टोपलीजवळ लागतो. शंभर मीटरच्या होलवर लांब फेकीने वाचलेली एक खेप, चार मीटरवरून चुकलेल्या एका फेकीने वाया जाते. म्हणून सरावाचा निम्मा वेळ येथे द्यावा. तीन मीटरवर उभे राहून दहा फेकी कराव्यात. आठ टोपलीत पडल्या तर एक पाऊल मागे घ्यावे. तबकडी कमरेपासून छातीपर्यंत वर नेत, हात लक्ष्याकडे सरळ लांबवून, साखळ्यांच्या मध्यभागी एकाच कडीवर नजर ठेवून फेकावी. टोपलीपासून दहा मीटरांच्या आत फेक केल्यावर, तोल सावरल्याशिवाय आपल्या खुणेच्या पुढे पाऊल टाकता येत नाही, हा नियम आरंभापासूनच पाळावा.

लोखंडी टोपली नसेल तर सराव अडत नाही. जमिनीत रोवलेल्या बांबूवर वेताची टोपली बांधून तिच्या वर जुन्या सुतळीच्या जाड दोऱ्या लोंबत्या सोडाव्यात. दोऱ्या तबकडीचा वेग साखळ्यांइतका शोषीत नाहीत, परंतु नेम शिकण्यास त्या पुरतात.

वारा व पाऊस

जून ते सप्टेंबर या काळात बंगळुरूवरून पश्चिमेकडील वारे जोराने वाहतात. पावसाळा सरल्यावर वाऱ्याचा रोख बहुतांशी पूर्वेकडून होतो. खेळण्यापूर्वी चिमूटभर वाळलेले गवत उडवून वारा पाहावा. हवेच्या दृष्टीने तबकडीचा वेग म्हणजे हवेच्या सापेक्ष वेग होय. सेकंदाला १६ मीटर वेगाची फेक समोरून येणाऱ्या ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात केली तर हवेच्या सापेक्ष वेग २० मीटर होतो व उत्थापन सुमारे दीडपट होते. तबकडी उचलली जाते व उजवीकडे वळते. तोच वारा पाठीमागून असेल तर सापेक्ष वेग १२ मीटर उरतो, उत्थापन जवळजवळ निम्म्यावर येते, आणि तबकडी लवकर खाली बसते. म्हणून समोरच्या वाऱ्यात फेक खालून व सावकाश करावी. नवशिक्याचा कल मात्र नेमका उलट, म्हणजे जोर वाढविण्याकडे असतो.

बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस बराच पडतो व तांबडी माती कडेला चिकटते. ओली कड बोटांतून निसटली की गिरकी मिळत नाही. खांद्यावर एक कोरडा पंचा असावा व प्रत्येक फेकीपूर्वी कड पुसावी.

मैदानावरील शिस्त

सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या १७५ ग्रॅम वजनाच्या तबकडीत जी ऊर्जा असते ती साडेतीन मीटर उंचीवरून पडणाऱ्या एक किलोग्रॅमच्या दगडाइतकी असते. तबकडी खेळण्यासारखी दिसते म्हणून हे विसरून चालत नाही. बंगळुरूच्या उद्यानांत पहाटेपासून फिरावयास येणारी वृद्ध माणसे व मुले असतात. वाटेत किंवा वाटेच्या आसपास मनुष्य दिसत असेल तोवर फेक करू नये. वळणापलीकडचे दिसत नसेल तर सोबत्यास पुढे उभे करावे. तबकडी कोणाच्या रोखाने गेलीच तर तत्काळ मोठ्याने इशारा द्यावा. टोपलीपासून सर्वांत दूर असलेल्याने प्रथम फेकावे व बाकीच्यांनी त्याच्या मागे उभे राहावे. या क्रमाचा उद्देश शिष्टाचार जितका आहे, तितकाच सुरक्षितता आहे.

झाडांचाही विचार ठेवला पाहिजे. एकाच खोडावर वारंवार आदळणाऱ्या तबकड्यांनी साल निघते, आणि उघड्या जागेतून बुरशी व कीड आत शिरते. हैदर अलीने १७६० साली आरंभिलेल्या लालबागेसारख्या वनस्पतिउद्यानात हा खेळ खेळणे म्हणूनच योग्य नव्हे. मैदान आखताना लहान झाडे वाटेबाहेर ठेवावीत, टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्यात व तुडविलेल्या गवतास उगवण्यास अवसर द्यावा. सार्वजनिक मोकळी जागा शहरात दिवसेंदिवस मोलाची होत आहे. खेळाडूंच्या वर्तनामुळे फिरावयास येणाऱ्यास भीती वाटू लागली, तर ती जागा खेळास मिळणार नाही.

शिकविणाऱ्यासाठी

पहिल्या दिवशी कोणी किती दूर फेकले याची नोंद ठेवू नये. त्यामुळे बळकट विद्यार्थी चुकीची सवय लावून घेतात व दुबळे खचतात. त्याऐवजी वीस मीटरवर दोन काठ्या तीन मीटर अंतराने रोवाव्यात आणि दहा फेकींपैकी किती न डळमळता त्यांमधून गेल्या, हे मोजावे. या कसोटीत शाळकरी मुलगी, साठीतील गृहस्थ व पहिलवान यांना जवळपास समान संधी असते, कारण येथे मोजली जाते ती गिरकी व सपाटपणा.

विज्ञानशिक्षकांना या खेळात एक सोयीची प्रयोगशाळाही मिळू शकेल. एकच तबकडी, एकच फेकणारा, आणि वारा एकदा समोरून व एकदा पाठीमागून, अशा वीस फेकी कराव्यात; प्रत्येकीचे अंतर व डावी-उजवी बाजू टेपने मोजून वहीत लिहावी. दोन्ही रकान्यांतील फरक मुलांना दिसला की वेगाच्या वर्गाचा नियम फळ्यावर मांडण्यापूर्वीच त्यांच्या परिचयाचा झालेला असेल. मग ज्या विद्यार्थ्याची तबकडी डावीकडे पडली असेल त्याला तिचे कारण विचारावे, आणि त्याने उत्तर दिल्यावरच पुढची फेक करू द्यावी.